अंगावरचे पित्त : शोध ताटात की शरीरात?

पुण्यात शिक्षकांच्या बैठकींना आम्ही जातो, तेव्हा टेबलावर एक प्रश्नपेटी ठेवतो. ज्याला चारचौघांत विचारायला संकोच वाटतो, त्याने नाव न घालता चिठ्ठी टाकावी, एवढाच हेतू. अशाच एका बैठकीत ही चिठ्ठी निघाली : 'आठ महिने झाले, रोज संध्याकाळी माझ्या अंगावर पित्त उठते. तूरडाळ, वांगे, दही, शेंगदाणे आणि अंडी बंद केली. तरी उठतेच. आता आणखी काय बंद करू?'

चिठ्ठी वाचून झाल्यावर सल्ले सुरू झाले. आमसुलाचे पाणी अंगाला लावा, गेरू चोळा, आंबट सोडा, घोंगडीवर झोपा! प्रत्येकाच्या घरात कोणाला तरी कधी तरी पित्त उठलेले होते. त्यामुळे प्रत्येकाकडे एक उपाय होता आणि तो गुणकारी ठरल्याची आठवणही होती. पण चिठ्ठी लिहिणाऱ्या बाईंचा प्रश्न उपायाचा नव्हता, कारणाचा होता. आपण काहीतरी खातो, त्यातून हे होते, तो पदार्थ सापडला की सुटका होईल, असे त्यांनी गृहीत धरले होते. या गृहीतकापायी आठ महिने त्यांचे ताट रोज थोडे थोडे रिकामे होत गेले होते.

हे गृहीतक बरोबर आहे का? या लेखात आपण तेच तपासून पाहणार आहोत.

एका शब्दात तीन पित्ते

सुरुवात शब्दापासून करू. मराठीत 'पित्त' हा शब्द आपण निदान तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. यकृतात तयार होणारा आणि पित्ताशयात साठणारा हिरवट-पिवळा रस हे पहिले पित्त. मेदाच्या पचनाला तो मदत करतो. 'जागरण झाले, पित्त झाले' असे आपण म्हणतो तेव्हा जठरातल्या आम्लामुळे होणारी जळजळ अभिप्रेत असते. हे दुसरे. आणि अंगावर लाल, खाजऱ्या गांधी उठतात ते तिसरे. डॉक्टर त्याला अर्टिकेरिया म्हणतात.

आयुर्वेदात पित्त हा तीन दोषांपैकी एक आहे. माधवनिदान या जुन्या ग्रंथात शीतपित्त, उदर्द आणि कोठ अशी या विकारांची नावे येतात आणि गांधीलमाशी चावल्यासारखी सूज येते, असे वर्णनही येते. आपला 'गांधी' हा शब्दही त्याच माशीची आठवण करून देतो. लॅटिन नावामागेही अशीच कल्पना आहे. 'अर्टिका' ही अंगाला लागली की आग आणि खाज उठवणारी, केसाळ पानांची वनस्पती. पाहणाऱ्यांचे डोळे दोन्हीकडे सारखेच तेज होते, आणि उपमाही दोघांनी बाहेरून दंश करणाऱ्या गोष्टींच्याच दिल्या.

अडचण होते ती वेगळीच. तिन्हींना एकच नाव असल्यामुळे पोटातले पित्तच अंगावर फुटून येते, असा आपला समज होतो. मग आंबट बंद, तिखट बंद, आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या सुरू. प्रत्यक्षात गांधींमध्ये यकृतातला पित्तरस नसतो आणि जठरातले आम्लही नसते. मग असते तरी काय?

गांध कशी उठते?

लंडनचे डॉक्टर थॉमस लुईस यांनी १९२० च्या दशकात एक अगदी साधा प्रयोग पुन्हा पुन्हा केला. त्यांनी बोथट वस्तूने त्वचेवर जोराने रेघ ओढली आणि घड्याळ लावून पाहत बसले. काही सेकंदांत रेघ लाल झाली. थोड्या वेळाने लाली रेघेच्या दोन्ही बाजूंना पसरली. काही मिनिटांनी काही जणांच्या त्वचेवर रेघेच्या जागी फिकट फुगवटा आला. लुईस यांनी अनुमान काढले, की दुखावलेल्या त्वचेतून एखादे रसायन सुटत असले पाहिजे.

ते रसायन म्हणजे मुख्यतः हिस्टामिन. हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी त्याच्या परिणामांचा अभ्यास १९१० मध्येच प्रसिद्ध केला होता. शरीराच्या ताज्या ऊतींतही ते असते, हे १९२७ मध्ये दाखवले गेले. त्वचेत हिस्टामिनचा साठा असतो तो मास्ट पेशींत. या पेशींना नाव दिले पॉल एर्लिख या तरुण जर्मन संशोधकाने, १८७८ सालच्या आपल्या प्रबंधात. रंग दिल्यावर या पेशी कणांनी गच्च भरलेल्या दिसल्या. त्या खाऊनपिऊन पुष्ट झाल्या असाव्यात, असे त्याला वाटले आणि त्याने तसेच नाव ठेवले. त्याचा अंदाज चुकला होता. ते कण अन्नाचे नव्हते, ती रसायनांची कोठारे होती.

मास्ट पेशी फुटल्यासारखी रिकामी झाली की हिस्टामिन बाहेर पडते आणि तीन गोष्टी घडतात. बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून त्वचा लाल होते. त्यांच्या भिंती सैल होतात आणि रक्तातले पाणी बाहेर झिरपते, म्हणून त्वचा फुगते. चेतातंतू चाळवले जातात, म्हणून खाज सुटते. झिरपलेले पाणी काही तासांत पुन्हा शोषले जाते आणि गांध मागमूस न ठेवता नाहीशी होते. म्हणून कोणतीही एक गांध साधारणपणे २४ तासांच्या आत मावळते. उद्या दुसरीकडे नवी उठते ती वेगळी. हेच पाणी त्वचेच्या खोल थरात झिरपले, तर ओठ किंवा पापण्या सुजतात.

गंमत अशी, की जठरात आम्ल तयार होण्याचा निरोपही हिस्टामिनच देते. फक्त निरोप घेणारी कुलपे वेगळी आहेत. त्वचेतल्या रक्तवाहिन्यांवर मुख्यतः 'एच-१' प्रकारची, तर जठरात 'एच-२' प्रकारची. जेम्स ब्लॅक यांनी हा फरक ओळखून आम्ल कमी करणारी औषधे शोधली. त्यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा पोटातले पित्त आणि अंगावरचे पित्त यांचा निरोप्या एक आहे, पण एकामुळे दुसरे होत नाही. एकच पोस्टमन दोन घरी पत्रे टाकतो म्हणून त्या घरांचे नाते जुळत नाही!

किती जणांना होते?

दर पाच माणसांपैकी सुमारे एकाला आयुष्यात कधी ना कधी पित्त उठते. म्हणजे ५० मुलांच्या वर्गात दहाजणांना हा अनुभव आज ना उद्या येणार. यातले बहुतेकांचे पित्त काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत जाते. लहान मुलांत याचे नेहमीचे निमित्त म्हणजे सर्दी-तापाचा विषाणुसंसर्ग. औषधे, कीटकदंश आणि काही वेळा खाद्यपदार्थ ही इतर कारणे.

पण गांधी सहा आठवड्यांहून अधिक काळ, रोज किंवा वरचेवर उठत राहिल्या, तर त्याला दीर्घकालीन म्हणतात. कोणत्याही एका वेळी लोकसंख्येच्या सुमारे अर्धा ते एक टक्का लोकांना हा विकार असतो, असे जगभरातल्या अभ्यासांवरून दिसते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो सुमारे दुपटीने आढळतो आणि २० ते ४० या वयोगटात अधिक.

हे प्रमाण पुण्याला लावून पाहू. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेच्या हद्दीत सुमारे ३१ लाख २४ हजार लोक होते. त्याचा अर्धा टक्का म्हणजे १५ हजारांहून अधिक आणि एक टक्का म्हणजे ३१ हजारांहून अधिक. हा अर्थात गुणाकार आहे, घरोघरी जाऊन केलेली मोजणी नव्हे. पण आकड्याचा अंदाज येण्यापुरता तो पुरेसा आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्या बाई या शहरात एकट्या नाहीत. हजार जणांच्या शाळेत त्यांच्यासारखे पाच-दहाजण असू शकतात.

पुण्यात एकदा बाहेरचा गुन्हेगार सापडला होता

त्वचेला खाज सुटली की आपण बाहेर कारण शोधतो, हे चूक नाही. पुण्याच्या इतिहासात त्याचे एक ठळक उदाहरण आहे.

गाजराच्या पानांसारखी पाने आणि वर पांढऱ्या फुलांचे बारीक गुच्छ असलेले गाजरगवत, म्हणजेच काँग्रेस गवत, आज माहीत नाही असा माणूस विरळा. हे झाड मूळचे अमेरिका खंडातले. भारतासाठी नवे म्हणून त्याची नोंद वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केली ती पुण्यात सापडलेल्या झाडांवरून. आयात गव्हाबरोबर ते आले, असे सर्रास सांगितले जाते. ते कसेही आले असो, पुढच्या काही वर्षांत त्याने मोकळी माळराने, रस्त्यांच्या कडा आणि शेतांचे बांध व्यापले.

त्याच सुमारास त्वचेच्या डॉक्टरांकडे एक वेगळीच तक्रार येऊ लागली. चेहरा, पापण्या, मान, कोपरांच्या आतल्या घड्या, म्हणजे हवा लागते ते उघडे भाग, लाल होत, खाजत, चिघळत आणि पुढे जाड, काळपट पडत. डॉ. लोणकर आणि डॉ. जोग यांनी या झाडामुळे झालेल्या त्वचादाहाचे वृत्त १९६८ मध्ये प्रसिद्ध केले. १९७४ मध्ये डॉ. लोणकरांनी मिचेल आणि कॅलनन या परदेशी तज्ज्ञांबरोबर या विकारावर सविस्तर लेख लिहिला. झाडातले पार्थेनिन नावाचे रसायन यातले प्रमुख गुन्हेगार होते.

गुन्हेगार ओळखायची पद्धत सरळ होती. संशयित पदार्थ पट्टीखाली पाठीवर चिकटवायचा, दोन दिवसांनी पट्टी काढायची आणि त्वचेची प्रतिक्रिया पाहायची. जिथे पार्थेनिन तिथेच त्वचा लाल आणि खडबडीत झाली, तर पुरावा मिळाला. उपायही त्याच दिशेचा : गवतापासून दूर राहा. काही रोग्यांना त्यासाठी गाव किंवा काम बदलावे लागले, पण दूर गेल्यावर बरे वाटे.

ही गोष्ट इथे सांगण्याचे कारण दोन विकारांतला फरक. गाजरगवताचा त्वचादाह दोन दिवसांनी दिसतो, आठवडेच्या आठवडे एकाच जागी टिकतो आणि मागे खुणा ठेवतो. तो पेशींच्या हळू चालणाऱ्या प्रतिकारातून होतो. गांध मिनिटांत उठते, तासांत जाते आणि खूण ठेवत नाही. खाज दोन्हीकडे आहे, पण यंत्रणा वेगळी आहे. त्यामुळे एकीकडे यशस्वी ठरलेली शोधाची वाट दुसरीकडे चालेलच असे नाही.

घरातलाच कोणीतरी बेल दाबतो

मास्ट पेशी रिकामी व्हायला तिला कोणीतरी इशारा द्यावा लागतो. सगळ्यांत ओळखीचा इशारा ॲलर्जीचा. आपल्या शरीरात आयजीई नावाचे प्रतिपिंड असतात. त्यांचा शोध १९६६-६७ मध्ये लागला. ते मास्ट पेशीच्या पृष्ठभागावरच्या खुंट्यांवर अडकून बसतात. समजा, एखाद्याचे आयजीई कोळंबीतल्या प्रथिनाला ओळखणारे आहेत. त्याने कोळंबी खाल्ली, की ते प्रथिन शेजारशेजारच्या दोन प्रतिपिंडांना एकाच वेळी धरते, दोन खुंट्या जवळ ओढल्या जातात आणि पेशी आपले कोठार उघडते. बाहेरचा पाहुणा आला, त्याने बेल दाबली, दार उघडले.

दीर्घकालीन पित्तात मात्र कित्येकदा बेल वाजते आणि दारात कोणीच नसते. मग बेल दाबतो कोण?

१९८६ मध्ये ग्रॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये एक सुबक प्रयोग केला. रोग्याचे थोडे रक्त घेतले, त्यातल्या पेशी काढून टाकल्या आणि उरलेला रक्तद्रव त्याच रोग्याच्या त्वचेत थेंबभर टोचला. शेजारी तुलनेसाठी नुसते मिठाचे निर्जंतुक पाणी टोचले. अर्ध्या तासात काही रोग्यांच्या त्वचेवर पाण्याच्या जागी काही झाले नाही, पण स्वतःच्याच रक्तद्रवाच्या जागी गांध उठली! बाहेरून काहीही आलेले नव्हते. बेल दाबणारा त्या माणसाच्या रक्तातच होता.

तो कोण, हे १९९३ मध्ये हिडे, ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. काही रोग्यांच्या रक्तात असे प्रतिपिंड होते, की जे मास्ट पेशीवरच्या त्या खुंट्यांनाच जाऊन चिकटत. खुंट्या जवळ ओढायला कोळंबी नको, परागकण नको, धूळ नको. शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच पेशीला परकी समजू लागली होती. अशा विकारांना स्वयंप्रतिकारक विकार म्हणतात.

नंतरच्या काळात दुसरीही एक वाट सापडली. काही रोग्यांचे आयजीई बाहेरच्या पदार्थाऐवजी शरीरातल्याच प्रथिनांना ओळखतात. म्हणजे स्वतःचीच ॲलर्जी! त्यात अवटू म्हणजे थायरॉइड ग्रंथीतले एक प्रथिन आहे. थायरॉइडचे स्वयंप्रतिकारक विकार आणि दीर्घकालीन पित्त हे इतरांपेक्षा अधिक वेळा एकत्र दिसतात, हेही डॉक्टरांच्या आधीपासून लक्षात आले होते. सगळ्याच रोग्यांत या दोहोंपैकी एक वाट दाखवता येते असे नाही. पण चित्राची दिशा स्पष्ट आहे. दीर्घकालीन पित्ताचे मूळ बहुतेक वेळा ताटात नसून शरीरात असते.

मग तूरडाळीवर आळ कसा आला?

विज्ञान शिकवणाऱ्यांनी थांबून विचार करावा अशी ही जागा आहे. इतकी हुशार माणसे इतक्या खात्रीने एखाद्या पदार्थाकडे बोट का दाखवतात?

पहिले कारण, आपण दिवसातून तीन-चार वेळा खातो. गांधी रोज उठत असतील, तर प्रत्येक वेळी त्याआधी काही ना काही खाल्लेले असणारच. आमटी तर आपल्या घरात बहुधा रोज असते. त्यामुळे ती दर वेळी घटनास्थळी हजर सापडते. पण ज्या दिवशी आमटी खाऊनही गांधी उठल्या नाहीत, तो दिवस कोणी लिहून ठेवत नाही.

दुसरे कारण अधिक फसवे आहे. हा विकार भरती-ओहोटीसारखा चालतो. काही दिवस फार, काही दिवस कमी. माणूस पदार्थ बंद करतो केव्हा? अगदी असह्य झाले की. म्हणजे भरतीच्या टोकाला. त्यानंतर ओहोटी येणारच होती. ती आली की श्रेय वांगे सोडल्याला मिळते. पुढची भरती आली की 'वांग्याबरोबर दहीही बाधत असणार' असे वाटते आणि दही जाते. चिठ्ठीतली यादी अशीच वाढत गेली असणार. एकेका वस्तूचा सुटा विचार केला तर प्रत्येक पायरी समंजस वाटते. पण शेवटी ताट रिकामे आणि गांधी तिथेच.

खरी खाद्य-ॲलर्जी ओळखायची खूण साधी आहे. पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर एक-दोन तासांत त्रास होतो आणि तो पदार्थ पुन्हा खाल्ला की पुन्हा होतो. तसे दिसले तर डॉक्टरांना अवश्य सांगावे आणि तो पदार्थ घरी स्वतःहून पुन्हा खाऊन पाहू नये. तसे दिसत नसेल, तर शंभर पदार्थांच्या रक्ततपासणीचा उपयोग नाही. अशा तपासणीत आलेल्या 'होकारा'चा अर्थ रक्तात त्या पदार्थाला ओळखणारे प्रतिपिंड आहेत एवढाच. तो पदार्थ बाधतो असा नव्हे. आमच्या ओळखीच्या एका शिक्षकांनी असाच लांबलचक अहवाल आम्हाला दाखवला होता. त्यात गहू, तांदूळ, दूध आणि डाळी सगळ्यांपुढे खुणा होत्या. त्यांनी विचारले, 'मग खाऊ तरी काय?' त्या अहवालाप्रमाणे चालले असते, तर त्यांना पित्ताऐवजी कुपोषण झाले असते.

दीर्घकालीन पित्तासाठी सुरुवातीला लागतात त्या तपासण्या मोजक्याच असतात : रक्तपेशींची गणना आणि शरीरात दाह आहे का हे सांगणारी एखादी चाचणी. तज्ज्ञ डॉक्टर गरजेप्रमाणे आयजीईचे प्रमाण आणि थायरॉइडविरोधी प्रतिपिंड तपासतात. सगळ्यांत मोलाची असते ती रोग्याने सांगितलेली हकिकत.

चाळवणाऱ्या गोष्टी

मूळ आत असले, तरी बाहेरच्या काही गोष्टी चाळवायचे काम करतात. कारण आणि निमित्त यांतला हा फरक महत्त्वाचा. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन अशा वेदनाशामक गोळ्यांनी दीर्घकालीन पित्ताच्या सुमारे पाव रोग्यांत गांधी वाढतात. पुष्कळ वेळा जेवणाची बारीकसारीक चौकशी होते, पण डोकेदुखीसाठी घेतलेली गोळी विचारायची राहून जाते. घट्ट कपडे, उष्णता आणि मानसिक ताण यांनीही त्रास वाढतो. ताणामुळे वाढते याचा अर्थ 'सगळे मनाचे खेळ आहेत' असा मात्र नाही.

काहींमध्ये ठरावीक भौतिक कारणानेच गांधी उठतात. थंड पाण्याने किंवा वाऱ्याने उठणाऱ्या, घामाबरोबर उठणाऱ्या बारीक पुटकुळ्यांसारख्या, दप्तराच्या पट्ट्याखाली किंवा खाजवलेल्या रेघेवर उठणाऱ्या. हे प्रकार ओळखणे सोपे असते. थंडीचा प्रकार तपासताना डॉक्टर पिशवीतला बर्फाचा खडा हातावर पाच मिनिटे ठेवतात आणि काढल्यावर दहा मिनिटांनी गांध उठते का ते पाहतात. अशा मुलाला नदीत किंवा पोहण्याच्या तलावात उडी मारू देऊ नये. सर्वांगाला एकदम गार पाणी लागल्यास रक्तदाब खाली येऊ शकतो.

उपचार म्हणजे वाट पाहणे, पण सुखाने

दीर्घकालीन पित्त बहुतेकांत दोन ते पाच वर्षांत आपोआप थांबते, काही जणांत त्याआधीही. सुमारे पाचातल्या एकाला ते पाच वर्षांहून अधिक काळ सोबत करते. औषधे हा विकार मुळापासून काढत नाहीत. तो थांबेपर्यंतचा काळ माणसाला नीट झोपता यावे, काम करता यावे, हे त्यांचे काम.

पहिले औषध म्हणजे एच-१ कुलूप अडवणाऱ्या, झोप कमी आणणाऱ्या गोळ्या : सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन, लोरॅटाडिन या जातीच्या. त्या गांध उठल्यावर नव्हे, तर रोज ठरल्या वेळी घ्यायच्या असतात. कुलूप आधी अडवलेले असेल तर निरोप पोचत नाही. पोचल्यावर अडवून फारसा उपयोग नाही. बहुसंख्य लोक इथेच चुकतात. उठले की गोळी, मावळले की बंद, आणि मग 'गोळीने काही होत नाही' ही तक्रार. एका गोळीने भागले नाही, तर डॉक्टर मात्रा चौपटीपर्यंत वाढवू शकतात. हे त्यांच्या देखरेखीखालीच करायचे. त्यानेही भागले नाही, तर आयजीईला पकडून ठेवणारे ओमालिझुमॅब हे इंजेक्शन आहे. या विकारासाठी त्याला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. ते महाग आहे. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी झटकन बरे वाटते, पण महिनोन्‌महिने त्या घेत राहणे धोक्याचे.

आमसुलाच्या पाण्याचे काय? गार ओल्या फडक्याने खाज काही वेळ दबते, तशी त्यानेही दबते. ज्याला थंडीने पित्त उठत नाही, त्याने जरूर लावावे. फक्त त्याला उपचार समजून बसू नये.

दोन धोक्याच्या खुणा मात्र पाठ असाव्यात. जीभ किंवा घसा सुजणे, आवाज बसणे, धाप लागणे, चक्कर येणे, असे काही झाले तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात न्यावे. आणि एकच गांध २४ तासांहून अधिक टिकत असेल, खाजण्यापेक्षा दुखत असेल किंवा जाताना काळानिळा डाग ठेवत असेल, तर ते साधे पित्त नसण्याची शक्यता आहे. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

शाळेत काय करावे?

पित्त संसर्गजन्य नाही. अशा मुलाला वेगळे बसवू नये, त्याचा डबा किंवा टॉवेल वेगळा करू नये. रात्री खाजेने झोप मोडलेले मूल सकाळी पेंगते, ते आळशी नसते. क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या गोळ्यांनीही गुंगी येते. परीक्षेच्या दिवसांत पालकांना याची आठवण करून द्यावी. आणि 'काय खाऊन आलास?' हा प्रश्न सर्वांसमोर विचारू नये.

वर्गात करून पाहण्यासारखा प्रयोग म्हणजे लुईस यांचा. स्वखुशीने तयार होणाऱ्या दोघा-तिघांच्या हाताच्या आतल्या बाजूला पट्टीच्या गोल कोपऱ्याने, ओरखडा न काढता, थोड्या दाबाने एक रेघ ओढा. घड्याळ पाहून लाली केव्हा येते, ती किती पसरते आणि फुगवटा येतो का, हे दहा मिनिटे नोंदवा. बहुतेकांच्या हातावर लालीच येईल. शंभरातल्या दोन-पाच जणांच्या हातावर मात्र रेघ चक्क उठून येते, नाव लिहिले तर वाचता येईल इतकी. ज्यांना आधीच खाज किंवा त्वचेचा विकार आहे, त्यांना या प्रयोगात घेऊ नये. एकाच दाबाला दोन त्वचा वेगळे उत्तर देतात, हे मुलांना डोळ्यांनी दिसते. मग विचारा : इथे कारण पट्टी, की त्वचा?

त्या बैठकीत शेवटी आम्ही चिठ्ठीला उत्तर दिले. ते असे : बाई, आणखी काहीही बंद करू नका. उलट, त्वचारोगतज्ज्ञांना विचारून बंद केलेले एकेक पुन्हा सुरू करा. गांधी कोणत्या दिवशी उठल्या आणि कोणत्या दिवशी उठल्या नाहीत, दोन्ही वहीत लिहा. वेदनाशामक गोळी घेतली असेल तर तीही लिहा. दिलेली गोळी रोज ठरल्या वेळी घ्या. आणि आज रात्री घरी आमटी असेल, तर भातावर वाढून घ्या. आठ महिने शिक्षा भोगून झाली आहे, आणि तिच्याविरुद्ध पुरावा अजून कोणी आणलेला नाही.